लेनाच्या नावाची पट्टी

॥ श्री घृष्णेश्वर प्रसन्न ॥

छत्रपती संभाजीनगर,
भाद्रपद वद्य दशमी

प्रिय अपू,

अनेक आशीर्वाद. पाकीट बघून घाबरू नकोस, इथं सगळे खुशाल आहेत. तुझ्या बाबांचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, तेवढं सोडलं तर तक्रार नाही. पत्र पोचायला पंधरा-वीस दिवस लागतील असं पोस्टातली मुलगी म्हणाली, आणि वर तिनंच विचारलं, काकू, लेकीकडं व्हॉट्सअॅप नाही का? आहे गं बाई, पण फोनवर माझ्याच्यानं बोलणं होत नाही. मी दोन वाक्यं बोलले की तू "हं, पुढं" म्हणतेस, बाबा मागून "अपू आहे का, अपू आहे का" करत येतात, तेवढ्यात कुकर शिट्टी देतो, आणि जे सांगायचं ते तसंच राहतं. यावेळचं राहून चालणार नाही. म्हणून तुझ्या बारावीच्या वहीची कोरी पानं काढून बसलेय. पाठपोट लिहितेय, वाचताना उलटायला विसरू नकोस.

आधी तू विचारलेलं. आठ दिवसांपूर्वी तू पाच फोटो पाठवलेस आणि लिहिलंस, "आई, जुनं सामान पारखावं तर तूच. ऑफिसातल्या एकाच्या तळघरात ह्या स्की पडून आहेत. मी वर्षातून चार-पाच वेळा जाणारी, मला पुरतील का? बर्फ पडायच्या आत त्याला सांगायचंय." फोटो बाबांना दाखवले तर ते हसायलाच लागले. "डोंगरावरून घसरायला पैसे द्यायचे? वेरूळच्या घाटात ये म्हणावं, फुकट घसरवतो." मग चष्मा लावून स्वतःच दहा वेळा बघत बसले. शेजारच्या साळूबाईला तर स्की म्हणजे काय हे सांगण्यातच माझी दुपार गेली. बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या, पायात बूट, बूट त्या पट्ट्यांना अडकवलेले, असं सांगितलं तर ती म्हणाली, "अन् बाई, थांबायचं कसं?" मी म्हटलं ते मलाही ठाऊक नाही. लेक चार वर्षं ऑस्ट्रियात इन्सब्रुकला आहे, दोन हिवाळे शिकायलीय, अजून हातपाय धड आहेत, म्हणजे थांबत असेल.

मी बर्फ बघितलाय तो फ्रिजमधला. पण जुनी वस्तू ती जुनी वस्तू, मग ती शहागंजाच्या जुन्या बाजारातली असो का तुमच्या आल्प्समधली. म्हणून फोन घेऊन साळूबाईच्या नवऱ्याकडं गेले. कडुबा मिस्त्री आता मशीन दुरुस्तीचं काम करतो, पण आधी दहा वर्षं ट्रकच्या गॅरेजवर होता हे तुला माहीत आहे. त्यानं फोटो मोठा करून करून बघितला आणि म्हणाला, "मावशी, ह्या मधी उचललेल्या हायेत, ट्रकच्या कमानपाट्यावानी. पोरीला सांगा, दोन्ही पोटाला पोट लावून उभ्या धर. टोकं टेकली अन् मधी बोटभर फट दिसली तर जीव हाय. सपाट बसल्या तर ताकद गेली, फक्त भिंतीला टांगायच्या." कडेच्या लोखंडी पट्टीला गंज दिसतोय तो वरवरचा आहे, घासला की जाईल असं तो म्हणाला. तळावरच्या ओरखड्यांची फिकीर नको, पण एखादा ओरखडा आत लाकडापर्यंत गेला असेल किंवा कडेनं थर सुटला असेल तर पाणी शिरतं, मग घेऊ नकोस. नख फिरवून बघ. डोळ्यापेक्षा नखाला लवकर कळतं, साडीचा धागा बघायला मी तुला शिकवलं होतं ना, तसंच.

उंचीचं तू लिहिलं होतंस, उभ्या केल्या की तुझ्या नाकापर्यंत येतात. तुझ्यासारख्या हौशी माणसाला तेवढ्या बऱ्या, असं तिथला स्कीचा दुकानदारही तुला म्हणाला ना? आणि त्या फार जुन्या सरळ फळ्यांसारख्या नाहीत, मधे बारीक आणि टोकांना रुंद आहेत, म्हणजे वळायला सोप्या. दहा-बारा वर्षांच्या असल्या तरी वापरलेल्या कमी दिसतात. तू शर्यतीला जाणार नाहीस. सोप्या उतारावर चार-पाच दिवस जायचं, दुपारी तिथं सूप प्यायचं आणि घरी यायचं, त्याला कोऱ्या करकरीत स्की कशाला? तेव्हा पट्ट्यांचं माझं उत्तर सोपं आहे.

ती बूट धरणारी पकड मात्र नीट बघून घे. तू तिला बाइंडिंग म्हणतेस. पडलं की ती आपोआप सुटते आणि पाय मोकळा होतो, असं तू समजावलंस, तेव्हापासून माझा जीव त्या पकडीत अडकलाय. कडुबा म्हणाला, "स्प्रिंग बारा वर्षं दाबून पडलेली हाय. कधी लवकर सुटंल, कधी सुटणारच नाय. नाय सुटली तर गुडघा गेला." म्हणून दुकानात नेऊन यंत्रावर तपासून घे. तुझं वजन, वय, बुटाच्या तळव्याचं माप, सगळं खरं सांग. वजन दोन किलो कमी सांगायची तुझी सवय तिथं नको. आणि ही पकड जुनी झाली, आम्ही हात लावत नाही, असं दुकानदार म्हणाला तर वाद घालू नकोस, नवी बसव.

आणि बूट घेऊ नकोस. फोटोत स्कीच्या शेजारी ठेवलेत ते पांढरे बूट. तू लिहिलंस, "एका नंबरानं लहान आहेत, पण पातळ मोजे घातले की बसतात." अपू, ते बूट घालू नकोस. प्लास्टिक बारा वर्षांत कडक होतं, आपली बादली कशी एक दिवस उचलताना तडकते, तसं ते उतारावर तडकेल. शिवाय आतला मऊ भाग ज्याच्या पायानं बसला त्याच्या पायाचाच होतो. पण मी हे सांगायलेय त्याला आणखी एक कारण आहे. त्याच्याकडं येते.

आता तुझी आई काय म्हणते ते ऐक. वर्षातून चार-पाच दिवसांसाठी स्की भाड्यानं मिळतात, हे तूच मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतंस. सांभाळायला नको, तळघर नको, पकड तपासायला नको. हे तुला माझ्याआधी कळतं. तरी तू विचारलंस. दुसरं असं, की चैत्रापासून तुझ्या बोलण्यात "ऑफिसातला एक जण" येत होता. आखाडात त्याला नाव आलं, माथियास. माथियासनं भोपळ्याचं सूप शिकवलं, माथियासला आपला चिवडा आवडला. आणि स्कीची गोष्ट निघाली तसा तो परत "ऑफिसातला एक जण" झाला. तू लहानपणी गणितात मार्क कमी पडले की त्या दिवशी बाईंचं नावच घ्यायची नाहीस, तसंच हे.

तिसऱ्या फोटोत कडेला एक हात आलाय. मनगटाला घड्याळ आहे, हातात पिवळं फडकं आहे, आणि तो हात स्की पुसतोय. मी जुन्या बाजारात वस्तू पारखून घेण्यात उभं आयुष्य काढलंय. विकणारा माणूस वस्तू अशी पुसत नाही. तो चमकवतो. हा नुसता हळूहळू पुसत होता. आणि त्याच स्कीवर पकडीच्या पुढं एक पांढरी पट्टी चिकटवलेली आहे, तिच्यावर चार अक्षरं. एवढं इंग्रजी मला येतं. मी फोनवर विचारलं, "ही लेना कोण? तिला नकोत का तिच्या स्की?" तू म्हणालीस, "ती आता नाही, आई. तीन वर्षं झाली." आणि लगेच, "आवाज तुटायलाय, ठेवते." आवाज तुटत नव्हता गं. मला तुझा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी तुझा मेसेज आला. "घेतल्याच तर वरची पट्टी काढून टाकीन. नव्यासारख्या दिसतील." तो वाचला आणि मी हातातलं काम ठेवून देवघरासमोर जाऊन बसले. त्याच दिवशी ठरवलं की पत्र लिहायचं.

अपू, आपलं शिलाई मशीन मी शहागंजातून जुनं घेतलं असं तुला सांगत आलेय. ते मी घेतलेलं नाही. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा ते खिडकीपाशी ठेवलेलं होतं, सुईत हिरवा दोरा तसाच ओवलेला होता. ते आवडाचं होतं. आवडा तुझ्या बाबांची पहिली बायको. सोयगावची. लग्नाला दोन वर्षं झाली आणि काविळीत गेली, एकवीस वर्षांची. मूलबाळ नव्हतं. आठ महिन्यांत मला बघायला माणसं लासूरला आली. आमच्या घरी मी मॅट्रिक झालेली चौथी मुलगी, आणि बिजवर असला तरी कारखान्यात फिटर आहे, दारू पीत नाही, एवढं माझ्या वडिलांना बास झालं.

मशीनचं मला कधी काही वाटलं नाही. तेल दिलं, पट्टा बदलला, ते माझ्या पायाला सरावलं. तुझे सगळे गणवेश त्याच्यावर झाले. पण मी आले त्याच आठवड्यात तुझ्या आजीनं आवडाच्या चपला माझ्यापुढं ठेवल्या. "दोनदाच घातल्यात पोरीनं. फेकून द्यायच्या का?" त्या मला बोटभर लहान होत्या. मी नवी सून, आणि वस्तू वाया घालवायची नाही हे तर मी माहेरूनच शिकून आले होते. घातल्या. वर्षभर त्याच घालून बाजार, देऊळ, दळण. करंगळी दुसऱ्या बोटाखाली गेली ती गेलीच. तू पाय चेपायचीस तेव्हा विचारायचीस, "आई, तुझं हे बोट असं वाकडं का?" मी म्हणायचे, जन्मापासून. ते खोटं होतं.

बोटाचं काही नाही. पण त्या चपला वाजवत मी दारात आले की तुझे बाबा मान वर करायचे, आणि मला बघून परत खाली घालायचे. रोज. मला वाटायचं, हा माणूस तिचीच वाट बघतोय आणि रोज माझ्यावर त्याची निराशा होतेय. मी आणखी तिच्यासारखं व्हायला बघायचे. तिच्यासारखी भाजी, तिच्यासारखी वेणी, आजी जसं सांगेल तसं. एक दिवस ते गुलमंडीवरून कागदात बांधलेलं पुडकं घेऊन आले आणि माझ्या पुढ्यात ठेवून दिलं. नव्या चपला. माप न घेता आणलेल्या, दोन बोटं मोठ्या! मी टाचेला कापूस भरून घातल्या आणि अगदी बरोबर बसतात म्हणाले. जुन्या त्यांनी कुठं नेल्या ते मी विचारलं नाही.

इथं सगळं थांबायला हवं होतं. माझी चूक त्याच्या पुढची आहे. तू सहा वर्षांची होतीस, नुकतीच वाचायला लागली होतीस, दिसेल त्या पाट्या वाचायचीस. एक दिवस जेवताना तू बाबांचं पितळी फुलपात्र हातात घेऊन वाचलंस, "चि. सौ. कां. आ-व-डा... आई, आवडा कोण?" लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव घालायची आपली रीत. चौदा भांड्यांवर तिचं नाव होतं. बाबांचा घास हातातच राहिला. ते तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले, "दुकानदाराचं नाव आहे ते, जेव तू."

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेल्यावर चौदाही भांडी पोत्यात घालून कासारी बाजारात नेली आणि नावं घासून काढली. घासणारा म्हातारा होता. म्हणाला, "बाई, नाम मिटाने कू कोई नै आता. सब डालने कू आते." मी म्हटलं तुम्ही घासा. घरखर्चाच्या वहीत त्या दिवशी 'भांडी दुरुस्ती' असं लिहिलं. तीस-बत्तीस वर्षांच्या हिशेबात तेवढी एकच ओळ खोटी आहे. मला तेव्हा वाटलं, मी तुझ्यासाठी करतेय. तुझी आई ह्या घरात पहिलीच असावी, एवढंच मला हवं होतं. लासूरच्या माहेरच्यांना मी तुला न सांगायची शपथ घातली. सोयगावची माणसं तर हळूहळू यायचीच बंद झाली होती.

संध्याकाळी बाबा आले. पाणी प्यायला फुलपात्र उचललं, आणि त्यांचा अंगठा नेहमीच्या जागेवर गेला. तिथं गुळगुळीत. दोनदा अंगठा फिरवला, माझ्याकडं बघितलं, पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. त्या दिवसापासून ते स्टीलच्या पेल्यातून पाणी पितात. तू चिडवायचीस ना, "बाबांचा पेला कुणी घ्यायचा नाही"? तो पेला म्हणजे हे. पंचवीस वर्षं आम्ही त्याबद्दल बोललो नाही.

एक मात्र मी सोडलं नाही. नवरा मागं ठेवून गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात अविधवा नवमी करतात. ते माझं काम होतं आणि मी ते दरसाल केलं. पुरणपोळीचा स्वयंपाक, साळूबाई सवाष्ण, तिला खण-बांगड्या. तुला सांगायचे, आपल्या घरची रीत आहे. भटजी बोलवायचे नाही, कारण ते नाव विचारतात. बिननावाचं करायचे. देवाला कळतं असं स्वतःला सांगायचे.

नवमी काल होती. सकाळी पुरण शिजत होतं आणि डोक्यात तुझा मेसेज, पट्टी काढून टाकीन. मी ताट वाढलं, आणि साळूबाईनं पहिला घास घ्यायच्या आधी बाबांना आत बोलावलं. हातात पाणी घेतलं आणि नाव घेऊन म्हटलं, "आवडाबाई, जेवायला या." अपू, एवढे तीन शब्द म्हणायला मला तेहतीस वर्षं लागली. बाबा चौकटीला धरून उभे होते. मी घाबरत त्यांच्याकडं बघितलं तर डोळ्यांत पाणी आणि ओठ हसायलेले. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "काही नाही. तिला गोड चालायचं नाही गं. पुरणपोळी बघितली की पळायची. तेहतीस वर्षं तू तिला पुरणपोळी वाढायलीस." साळूबाई पाटावरूनच ओरडली, "म्हणून तर सगळी माझ्या अंगावर आली की हो! बघा माझ्याकडं."

किती हसलो गं आम्ही. पितरांच्या दिवशी असं हसू नये, पण हसलो. मग मी विचारलं, "काय आवडायचं तिला?" ते म्हणाले, "भरीत. अन् कळण्याची भाकरी. सोयगावची ना ती." तुला माहीत आहे, चातुर्मासात मी वांगं घरात आणत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे माझा. पाच मिनिटं देवघराकडं बघत उभी राहिले, मग पिशवी घेतली आणि वांगी आणली. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ कुठून आणणार, साध्या ज्वारीची भाकरी केली. वांगं गॅसवर भाजलं, हिरव्या मिरच्या घातल्या, ताटात वाढलं. मी खाल्लं नाही, पण वास घेतला, आणि घेतला ते देवाला सांगून टाकलं. बाबा जेवताना बोलत होते. ती शिट्टी वाजवायची म्हणे. सायकल शिकायला निघाली आणि पडून दात पाडून घेतला. एवढं मी आजवर त्यांना बोलताना ऐकलं नव्हतं, आणि मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. माझी जागा कमी झाली नाही. उलट जेवण झाल्यावर ते म्हणाले, "त्या चपला तुला लागायच्या. मला पायांच्या आवाजावरून कळायचं. म्हणून बघायचो रोज, तू लंगडतेस का ते. आईपुढं बोलायला एक वर्ष लावलं मी." आणि मी इतकी वर्षं समजत होते की ते तिची वाट बघतात.

मग मी त्यांना तुझं सांगितलं. माथियासचं, त्याच्या लेनाचं, पिवळ्या फडक्याचं, सगळं. ते चष्मा काढून पुसत बसले. मला वाटलं, परका मुलुख, परकी जात, आता काय म्हणतात. तर म्हणाले, "मला आठ महिन्यांत बोहल्यावर उभं केलं होतं. तो तीन वर्षं थांबलाय, म्हणजे माणूस बरा दिसतो." जरा वेळानं, "त्याला मटण लागतं का रोज?" आणि झोपायला जाताना, "गुडघा सांभाळ म्हणावं तिला." माझ्याही मनात शंभर गोष्टी आहेत. तो आपल्यातला नाही, इतक्या लांबचा, आमच्या मागं तुझं तिकडं कोण. त्या मी घृष्णेश्वराला सांगेन, तुझ्यावर टाकणार नाही. आज सकाळी बाबा ते फुलपात्र पिशवीत घालून कासारी बाजारात गेले. मी पत्र लिहायला बसले ती तेव्हाच. आत्ता परत आलेत. आता मशीननं नाव घालतात म्हणे, दोन मिनिटांचं काम. 'आवडा' थोडं तिरपं पडलंय. त्यातूनच पाणी पितायत, मी बघतेय.

तेव्हा अपू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. स्की घे. चांगल्या आहेत, तुझ्यासारखीला पुरतील, आणि त्या माणसानं त्या तुला द्यायला काढल्या हे सोपं नव्हतं. पकड तपासून घे. बूट तुझ्या पायाच्या मापाचे नवे घे, दुकानात उभं राहून, चालून बघून. ते मला लागतात असं पहिल्याच दिवशी सांगायचं, वर्षभर थांबायचं नाही. पट्टी राहू दे, काढू नकोस. आणि तू स्कीच्या आडून जे विचारलंस ना, जे फोनवर तुझ्या तोंडून निघत नव्हतं, त्यालाही माझं आणि तुझ्या बाबांचं हो आहे. ते सांगायलाच हे पत्र लिहिलं. फक्त एक काम कर. पत्र पोचेल त्या रविवारी त्याच्याबरोबर जेवायला बसशील तेव्हा त्याला विचार, लेनाला काय खायला आवडायचं? घाबरू नकोस, विचार. आणि मला कळव. पुढच्या नवमीला मी दोन ताटं वाढणार आहे, आणि यावेळी मला चुकायचं नाही.

तुझीच,
आई